नवाबाची सुई

तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात एक लांबट रजिस्टर होतं. लस टोचलेल्या जनावरांची नोंद त्यात व्हायची. रकाने आखलेले होते: गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. आणि पानाच्या अगदी कडेला, जागा उरली म्हणून ओढल्यासारखा एक चिंचोळा रकाना, ‘इतर’. हा रकाना तात्याराव साळव्याचा.

तसा तात्याराव तिथला साधा परिचर. सुया उकळायच्या, बैल पाडायला दोर लावायचे, फरशी धुवायची, एवढंच त्याचं सरकारी काम. पण बदलून येणारे डॉक्टर सगळे गायी-म्हशींवर शिकलेले. दारात एखादं वेगळंच जनावर उभं राहिलं की त्यांना नेमकं तेव्हाच तातडीचं काम आठवायचं. ‘तात्या, बघ रे जरा,’ म्हणून ते आत जायचे आणि तात्या बघायचा. बारा वर्षांत त्यानं माकडवाल्याच्या माकडिणीला सुई दिली. तिनं आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग मांडीवर बसून त्याच्या डोक्यात उवा शोधल्या. जिनिंगवाल्या शेटजीच्या विलायती कुत्र्याला दिली, जे वाघाएवढं होतं आणि माशीला भ्यायचं. एकदा दरवेशाच्या अस्वलालाही दिली. पाथरीच्या एका म्हाताऱ्या मुनशीच्या चाळीस कबुतरांना सुया दिल्या, तेव्हा मुनशीजी एकेकाचं नाव घेऊन त्याची माफी मागत होते.

तात्याच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणायचे. सुई टोचली हे जनावराला कळायच्या आत तो हात झटकून उभा असायचा. ज्या गावांत बौद्ध वस्तीतल्या माणसाला पायरीखाली थांबावं लागायचं, तिथं हा सुईची पेटी घेऊन सरळ गोठ्यापर्यंत जायचा. गोठ्यापर्यंतच, पुढं नाही, हे खरं. पण तेवढं अंतर त्यानं स्वतःच्या हातगुणावर कमावलेलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

एक गोष्ट मात्र त्याला जमायची नाही, ती म्हणजे तोंड उघडणं. पूर्वी जमायची. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात नामांतराच्या ठरावानंतर गावोगाव आगी लागल्या, तेव्हा देवगाव फाट्यापलीकडच्या निंबखेडीत त्याच्या आत्याचं, सरजाबाईचं, छप्पर जळालं. तात्याराव त्या दिवशी तिथंच होता. पंचनाम्यात त्यानं पाहिलं ते सांगितलं, नावासकट सांगितलं. ज्याचं नाव घेतलं तो माणूस आठ दिवसांत सुटून घरी आला. तात्यारावाला मात्र निंबखेडीनं दोन वर्षं एकाही गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही, आणि त्या दोन पावसाळ्यांत बिनसुईची जनावरं घटसर्पानं पटापट मेली. खरं बोलल्यानं आत्याचं छप्पर परत आलं नाही, वरून मुकी जनावरं गेली. तिसऱ्या वर्षी गावानं आपणहून बोलावलं तेव्हा तो गेला, पण तोंड घरी ठेवून गेला. त्यानं घेतला तो धडा चुकीचा होता असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ह्याच निंबखेडीहून, दिनकररावांच्या घरून, निरोप आला. दिनकरराव गावातले बडे शेतकरी. निरोप त्यांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा, कस्तुराबाईचा होता: वालूरला कोंबड्या मानमोडीनं मरायल्यात, तात्याराव, तुमीच या.

कस्तुराबाईच्या भावानं तिला दोन वर्षांमागं हैद्राबादहून एक विलायती जोडी आणून दिली होती. टर्की. निंबखेडीनं त्यांना ‘हैद्राबादी मोर’ करून टाकलं, कारण नर शेपूट पसरायचा. पण मोराची ऐट कुठं नि हे ध्यान कुठं! डोकं टकलं, गळ्याखाली लाल मांसाच्या झालरी, चोचीवरून एक लोंबतं सोंडगं, आणि राग आला की लाल तोंड बघता बघता निळं पडायचं. कस्तुराबाईनं त्याचं नाव नवाब ठेवलं होतं, मादीचं बेगम. नवाबाची एक खोड होती. कुणी आवाज चढवला की तो मान ताणून ‘गुडुगुडुगुडु’ असं जोरात उलट उत्तर द्यायचा. दिनकरराव गड्यावर ओरडले की गड्याच्या आधी नवाब बोलायचा, आणि मग दिनकररावांना हसू दाबायला मिशीवरून हात फिरवावा लागायचा. गडीमाणसांचा तो पक्षी जीव की प्राण होता, ते का हे सांगायला नको.

कस्तुराबाईचा जीव त्याच्यात अडकला होता तो मात्र वेगळ्या कारणानं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं. मूल नाही म्हणून तिनं एक कालवड लळा लावून वाढवली, ती फुगून मेली. पोपट पाळला, तो मांजरानं नेला. सासू पार्वतीबाई वाईट बाई नव्हती, पण तिच्या जिभेला लगाम नव्हता. पोपट गेला त्या दिवशी ती ओसरीवर बसून चार बायांत बोलली, ‘हिच्या हाताला काय जगतच न्हाई.’ ते वाक्य गावभर फिरून आलं आणि घरात मुक्कामाला राहिलं. नवाब मात्र जगला. दोन उन्हाळे काढून वर माजला. तो अंगणात गुडगुडला की कस्तुराबाईला वाटायचं, सासूच्या वाक्याला हा उत्तर देतोय. म्हणून मानमोडीची खबर आली तेव्हा तिनं नवऱ्याला न विचारता निरोप धाडला.

हे सगळं तात्यारावाला ठाऊक होतं. जनावराची हकीगत विचारली की माणूस स्वतःची सांगतो. शिवाय कस्तुराबाई त्याला ‘तुमी’ म्हणायची, अख्ख्या गावात ती एकटीच. तिचा नवाब जगला पाहिजे, असं त्यालाही मनापासून वाटत होतं.

मानमोडीची लस म्हणजे काचेच्या बारक्या कुपीत चिमूटभर भुकटी. ती बर्फातच जगते. ऊन लागलं की मरते, आणि मेलेली लस टोचली काय, पाणी टोचलं काय, सारखंच. सेलूत बर्फ घेऊन, लाल थर्मासात कुपी ठेवून तात्याराव दुपारच्या गाडीनं फाट्यावर उतरला आणि चालत निंबखेडीत आला. सुई लगेच देता येणार नव्हती. भर उन्हात असल्या जड पाखरामागं धावलं तर ते धापा टाकूनच मरतं. दिवस उगवायच्या आत, ते गोठ्याच्या आढ्यावरून उतरायच्या आधी, अलगद धरायचं, ही त्याची रीत. म्हणजे मुक्काम आला. मुक्काम दर वेळी बौद्ध वस्तीत सरजाबाईकडं असायचा आणि थर्मास त्याच्या उशाशी.

तो निघाला तसे दिनकरराव म्हणाले, “तात्या, ते औषद वस्तीत नको निऊ.”

“न्हाई, बर्फात हाय ते. झाकण उघडत न्हाई मी.”

“तिकडं कोंबड्या हायत ना? तूच सांगतूस, लागण हवेतून येती मनून. इथंच ठिव.”

लागण हा शब्द तात्यारावानंच गावाला शिकवला होता. तो आता कशासाठी वापरला गेला हे त्याला कळलं, दिनकररावांनाही कळलं. मग तात्यारावानं थर्मास ओसरीच्या कडेवर ठेवला आणि कस्तुराबाईला म्हणाला, “बाई, थंड जागी ठिवा. उन्हाची झळ नको. रांजणाच्या बुडाशी ओल असती तिथं ठिवलं तर लय चांगलं.”

कस्तुराबाईनं सासूकडं पाहिलं. पार्वतीबाई म्हणाली, “मी ठिवती नीट. जा तू.”

पहाटे फटफटायला तो आला. कस्तुराबाई नवाबाला काखेत घेऊन आधीच बसली होती. तिनं बेगमला टोपलीखाली झाकलं होतं. पार्वतीबाई स्वतः आतून थर्मास घेऊन आली. तो चकचकत होता. कधी नव्हे इतका स्वच्छ, बुडाचे डागसुद्धा निघालेले.

तात्यारावानं झाकण फिरवलं. आत बर्फ नव्हता. नितळ पाणी होतं, आणि त्यात कुपी बुडाला बसलेली. त्यानं ती चिमट्यानं काढली. कुपीवरचा कागद गेला होता. काचेला राखेचा वास येत होता, आणि एका बाजूला धुराची काळपट पट्टी. आतली पांढरी भुकटी पिवळी पडून काचेला चिकटली होती.

“बर्फ कुठं गेला?” त्यानं विचारलं.

“सांडून दिला की,” पार्वतीबाई म्हणाली. तिच्या आवाजात काहीही लपवलेलं नव्हतं, उलट काम चोख केल्याचं समाधान होतं. “बर्फ मंजी पानीच. तुमच्याकडचं पानी आमच्या रांजनापाशी कसं ठिवू? पर पोरीचा जीव हाय त्या पाखरावर, मनून थर्मास राखेनं घासला, ती बाटली गरम पान्यानं धुतली, निखाऱ्यावरून काढली. मग आमच्या रांजनातलं गार पानी भरलं आन् तिथंच ठिवला, तू सांगितलास तिथं.”

विटाळलेलं भांडं घरात घ्यायचं तर निखाऱ्यावरून काढतात, ही त्या घरची पिढ्यांची रीत. म्हातारीनं अर्धा तास चुलीपुढं बसून, गुडघे दुखत असताना, सुनेच्या पाखरासाठी ते केलं होतं. नातवंड नाही म्हणून सुनेला घालून पाडून बोलणाऱ्या बाईनं केलेली ही पहिलीच माया, आणि तिनं औषध भाजून मारून टाकलं होतं.

तात्यारावाला आता एकच वाक्य बोलायचं होतं: औषध मेलं. पण त्या वाक्यामागून दुसरं येणार होतं, कशानं मेलं. आणि त्यामागून तिसरं. दिनकरराव दात घासत अंगणात उभे होते. कडुनिंबाखाली दोन गडी बसले होते. ‘तुमच्या शिवाशिवीनं औषध मारलं’ हे वाक्य निंबखेडीच्या अंगणात, वस्तीतल्या माणसाच्या तोंडून. सात वर्षांपूर्वीचं जळकं छप्पर त्याच्या डोळ्यांपुढं आलं, आणि बिनसुईचे मेलेले बैल आले.

त्यानं कुपी फोडली, पाण्यात कालवली, सुई भरली. नवाबाचा पंख वर केला, कातडी चिमटीत धरली आणि टोचली. नवाबाला कळलंसुद्धा नाही. बेगमलाही टोचली. बारा वर्षांत इतकी सफाईदार सुई त्यानं दिली नसेल, आणि आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

“बाई, थोडे दिवस कोंडून ठिवा दोघांनाबी,” तो म्हणाला. “बाहीर सोडू नका.”

कस्तुराबाई हसत होती. नवाबाच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता. “सुई झाली की आता. मग कामून कोंडायचं? कोंडलं की खात न्हाई तो.”

खरं सांगायचं तर, ह्या प्रश्नाला उत्तर होतं. पुष्कळ खोटी उत्तरं होती. लस अंगी लागायला दिवस लागतात, हे तर खरंच उत्तर होतं. पण एकदा खोटं गिळलं की माणसाच्या घशाशी खरंही अडतं. “बगा, जमलं तर,” एवढं पुटपुटून तो निघाला.

वस्तीत सरजाबाई पाच कोंबड्या पायाला सुतळी बांधून त्याची वाट पाहत होती. तात्याराव म्हणाला, औषध संपलं.

“शंभर कोंबड्यांचं अस्तंय मनला व्हतास,” सरजाबाई म्हणाली. “दोन पाखरांत संपलं? मोठ्या घरात समदंच मोठं लागतंय बग.”

तो जवळ बसून, आवाज खाली करून म्हणाला, “आत्या, महिनाभर डालग्याखालून काढू नकोस त्यांना. गावातलं कुणी आलं तर हात लावू दिऊ नकोस. कामून ते इचारू नको.”

सरजाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. जळक्या छपराखाली राहिलेल्या बाईला न सांगितलेलं लवकर कळतं. “बरं,” म्हणाली. जे कस्तुराबाईला ठासून सांगता आलं नाही ते आत्याला सांगता आलं, आणि हे त्याला फाट्यापर्यंतच्या वाटेत पावलापावलाला टोचत राहिलं.

पण तो हातावर हात धरून बसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी त्यानं रजा टाकली आणि परभणी गाठली. त्यानं मनाशी एक खोटं तयार केलं होतं: बाई, विलायती पाखराला दोनदा सुई लागती. कुणाला दोष नाही, कुणाचा अपमान नाही, आणि नवाब जगतो. इतकं सुंदर खोटं त्याला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं. पण परभणीच्या लसभांडारात मानमोडीची कुपी नव्हती. जिल्हाभर रोग होता, माल पुण्याहून यायचा होता. तो तीन दिवसांनी परत गेला, तेव्हाही नव्हती. नवव्या दिवशी भांडाराच्या बाबूनं त्याच्या तोंडाकडं पाहून विचारलं, “घरचं कुणी आजारी आहे काय हो?” आणि नुकत्याच आलेल्या खोक्यातून एक कुपी काढून दिली.

ह्या वेळी बर्फ थर्मासात गच्च भरला होता. चालताना तो काचेवर खडखड वाजत होता. निंबखेडीच्या वाटेवर तात्याराव ते खोटं घोकत होता, शाळेतल्या पोरानं कविता घोकावी तसं.

अंगणात शिरताना त्याला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. दिनकरराव गड्यावर ओरडत होते आणि त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं.

कस्तुराबाई कडुनिंबाखाली बसली होती. नवाब तिच्या मांडीवर होता. त्याची मान पिळल्यासारखी वळून पाठीला लागली होती, डोकं उलटं, एक डोळा आभाळाकडं. झालरी काळ्यानिळ्या पडल्या होत्या. पंख जमिनीला लोळत होते. बेगमला आदल्या दिवशीच पुरलं होतं. तात्यारावानं पाहिलं आणि त्याच्या हातातल्या थर्मासाला आता काही अर्थ उरला नाही हे त्याला कळलं.

“तात्याराव,” कस्तुराबाई म्हणाली. ती रडत नव्हती, रडून झालं होतं. “मला खरं सांगा. सुईत काई खोट व्हती का?”

ओसरीवरून पार्वतीबाई बोलली, “सुईला कामून नाव ठिवती? मी माज्या हातानं निखाऱ्यावरून काढून ठिवली ती. त्या सरजीच्या कोंबड्यांना तर सुईबी न्हाई, तरी पाचच्या पाच जित्या हायत. जगायचं अस्तंय ते जगतंय. ज्याच्या त्याच्या हाताचा गुन.”

सासूच्या चढलेल्या आवाजाला नवाबाच्या गळ्यात काहीतरी हललं. गुडगुड नव्हती ती, नुसती घरघर. कस्तुराबाई तात्यारावाकडं बघत राहिली. तिचे डोळे विनवत होते, आणि कशासाठी ते त्याला स्वच्छ कळत होतं. सुईत खोट होती असं त्यानं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्या एका शब्दानं पाखरू वाचणार नव्हतं, पण बाई वाचली असती.

म्हातारी समोर होती. दिनकरराव ओरडायचे थांबून ऐकत होते. सरजाबाईच्या पाच कोंबड्यांचं नाव आत्ताच निघालं होतं, आणि पुढं काय काय निघेल ह्याला अंत नव्हता.

“न्हाई बाई,” तात्याराव म्हणाला. “सुई चांगली व्हती.”

कस्तुराबाईनं मान हलवली. वाटच बघत होती जणू. “मग माजाच हात,” ती म्हणाली. तिनं नवाबाच्या पाठीवरचा हात उचलला आणि पदराखाली घेतला, दुसराही घेतला. “तुमी घ्या त्याला. मी शिवत न्हाई आता. निदान जाताना तरी यशाच्या हातात असू द्या.”

तात्यारावानं पाखरू मांडीवर घेतलं. ते अजून ऊन होतं. कस्तुराबाई चार हात लांब, हात झाकून, नुसती बघत बसली. तात्याराव जन्मभर ज्या अंतरावर उभा राहत आला होता ते अंतर तिनं आपणहून स्वतःसाठी आखून घेतलं होतं, आणि आखायला लावणारा तो होता. दुपार कलायच्या आत नवाब गेला. थर्मासात बर्फ होता, कुपी जिवंत होती, आणि ती टोचायला निंबखेडीच्या त्या अंगणात काही उरलं नव्हतं. परत जाताना तो वस्तीत थांबला आणि आत्याच्या पाच कोंबड्यांना सुया देऊन गेला. दवाखान्यात आल्यावर त्यानं रजिस्टरात त्या ‘कोंबडी’च्या रकान्यात लिहिल्या. ‘इतर’च्या रकान्यात नऊ दिवसांपूर्वीचा दोनचा आकडा होता, तो त्यानं तसाच राहू दिला.

तात्याच्या सुईत खोट नव्हती असं त्यानंतर निंबखेडीत सगळेच म्हणायचे, आणि त्याला गोठ्यापर्यंत जाऊ द्यायचे. कस्तुराबाईनं पुन्हा काही पाळलं नाही. अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं झालं तरी ती गड्याला सांगायची.